गचका नेमका कुठे बसतो, ते आधी पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते, पाठोपाठ शाळांची गॅदरिंग येतात. हल्ली यातला एकही कार्यक्रम फोटोंच्या स्लाइड शोशिवाय पार पडत नाही. नवरा-नवरीचे लहानपणीचे फोटो, आजोबांची पंचाहत्तरी, निवृत्त होणाऱ्या बाईंची नोकरीतली वर्षे. फोटो हळूहळू जवळ येतो, डावीकडून उजवीकडे सरकतो, पुढच्या फोटोत विरघळतो. निदान तसे व्हावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात फोटो अडखळतो, मध्येच थिजतो, मग एकदम उडी मारतो. दुकानात विचारले की ठरलेले उत्तर मिळते: ग्राफिक्स कार्ड टाका, नाहीतर मशीनच बदला. बहुतेक वेळा यातले काहीच करावे लागत नाही. दोष कुठे आहे हे न शोधता केलेला हा खर्च कसा टाळता येतो, एवढ्यासाठी हे पत्र. थोडे लांबेल, पण त्यातले तपशीलच कामाचे आहेत.

पहिला प्रश्न असा की, स्लाइड शो चालतो आहे तो कशा रूपात? सॉफ्टवेअरच्या प्रीव्ह्यूमध्ये किंवा ईएक्सई फाइल (स्वतःच चालणारा प्रोग्रॅम) म्हणून चालत असेल, तर संगणक प्रत्येक चौकट, म्हणजे हलत्या चित्रातले एकेक स्थिर चित्र, त्या त्या क्षणी नव्याने रंगवत असतो. फोटो लहान करणे, सावली घालणे, वरची फ्रेम चढवणे हे सगळे सेकंदाला साठ वेळा. एमपी-४ व्हिडिओ असेल तर रंगवण्याचे काम आधीच झालेले असते. संगणकाला तो फक्त उलगडून दाखवायचा असतो. दोन्ही प्रकारांत गचक्यांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. प्रीव्ह्यू अडखळतो म्हणून अख्खा शो पुन्हा बांधायला बसण्याआधी, सर्वात अवघड वाटणाऱ्या जागेचे वीस सेकंद व्हिडिओ म्हणून एक्स्पोर्ट करून पाहावेत. ते गुळगुळीत चालले तर शो ठीक आहे, फक्त प्रीव्ह्यूचा भार मशीनला पेलत नाही.

दुसरी गोष्ट गचक्याची जागा. शो तीनदा लावा आणि हातात कागद घेऊन बसा. गचका दर वेळी त्याच फोटोपाशी बसत असेल, तर दोष त्या फोटोत किंवा त्या स्लाइडवर एकावर एक रचलेल्या चित्रांच्या थरांत आहे. दर वेळी वेगळ्या जागी बसत असेल, तर मागे दुसरे काहीतरी चालू आहे. पहिली पाच-सात मिनिटे नीट जाऊन नंतर सगळेच मंदावत असेल, तर मशीन तापते आहे. आणि पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकसारखी बारीक थरथर असेल, तर ती फ्रेम रेटची, म्हणजे सेकंदाला किती चौकटी दाखवायच्या त्या आकड्याची गडबड आहे. तिथे हजारो रुपयांचे कार्ड घातले तरी ढिम्म फरक पडणार नाही.

आता फोटोंकडे वळू, कारण निम्मा गुंता तिथेच असतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. डिस्कवर ती जेपेग फाइल आठ-दहा एमबीची दिसते, त्यामुळे 'एवढ्याशा फाइलने काय होते' असे वाटते. पण पडद्यावर आणण्यासाठी ती पूर्ण उलगडावी लागते आणि उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. म्हणजे एका फोटोला ९६ दशलक्ष बाइट, ढोबळमानाने ९२ एमबी. एक फोटो विरघळत असताना दुसरा उमटत असतो आणि तिसरा रांगेत तयार ठेवलेला असतो, म्हणजे पावणेतीनशे एमबी झाले. नव्या मोबाइलचा १०८ मेगापिक्सेलचा फोटो १२००० बाय ९००० चा असेल, तर तो एकटाच चारशे एमबीच्या पुढे जातो. उलट फुल एचडी पडदा १९२० बाय १०८० चा, म्हणजे जेमतेम २० लाख पिक्सेलचा. त्याला पुरेल एवढे चित्र आठ एमबीत बसते. बाकीचे सगळे ओझे पडद्यावर कधीच न दिसणाऱ्या पिक्सेलचे.

गचका कसा बसतो तेही पाहण्यासारखे आहे. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर एका चौकटीला १६.७ मिलिसेकंद मिळतात. जुन्या लॅपटॉपवर २४ मेगापिक्सेलची जेपेग उलगडायला पाव ते अर्धा सेकंद सहज जातो. सॉफ्टवेअरने हे काम आधी उरकून ठेवले नसेल, तर तेवढ्या वेळात पंधरा ते तीस चौकटी बुडतात. म्हणूनच गचका फोटो बदलतानाच बसतो आणि एकदा फोटो आला की पुढची हालचाल ठीक चालते. हे लक्षण दिसले की फोटो लहान करायचे आणि दुसरे काही करायचे नाही.

किती लहान, याचा हिशेब सोपा आहे. पडद्याची रुंदी गुणिले जास्तीत जास्त झूम. फोटो दीडपट जवळ येणार असेल तर १९२० गुणिले दीड, म्हणजे २८८० पिक्सेल. झूम नसेल तर १९२० पुरेत. जिथे समूहफोटोतून एका चेहऱ्यापर्यंत जायचे आहे, तिथे तेवढ्या फोटोला ४००० ठेवा, सगळ्यांना नको. इर्फानव्ह्यू हे घरगुती वापरासाठी मोफत मिळणारे सॉफ्टवेअर यासाठी पुरेसे आहे. ते उघडून कीबोर्डवरचे 'बी' दाबले की बॅच कन्व्हर्जनची (अनेक फोटो एकदम बदलण्याची) खिडकी येते. तिथे अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन लाँग साइड २८८० करा, रीसँपलचा पर्याय चालू ठेवा आणि लहान चित्रे मोठी न करण्याच्या पर्यायावर खूण करा. जेपेगची क्वालिटी ९० ठेवा. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे आउटपुटचा फोल्डर वेगळा द्या. मूळ फोटोंवरच लहान फोटो चढवून बसल्यावर अल्बमच्या छपाईच्या वेळी रडारड होते. आयफोनचे एचईआयसी या प्रकारात साठवलेले फोटो असतील तर तेही याच फेरीत जेपेग करून घ्यावेत.

इथे एक उलटा धोकाही आहे. नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर आलेले फोटो साधारण १६०० पिक्सेलच्या आतले असतात. त्यांच्यामुळे गचके बसत नाहीत, पण झूम केला की चेहरा पुसट होतो. असे फोटो मूळ आकारात मागवावेत. 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' एवढे सांगितले की काम होते.

फोटो लहान केल्याने आणखी एक त्रास जातो, ज्याला लोक चुकून गचके म्हणतात. पैठणीचा काठ, शालूची जर, जाळीदार मंडप, मागच्या भिंतीच्या विटा हे सगळे झूम चालू असताना मुंग्या धावल्यासारखे वळवळते. मोठा फोटो पडद्यावर तीनपट लहान करून दाखवताना सॉफ्टवेअर काही पिक्सेल घेते, काही सोडते, आणि पुढच्या चौकटीत दुसरेच घेते. जरीची एक तार एका क्षणी दिसते, पुढच्या क्षणी गायब होते. आधीच योग्य मापाला आणलेल्या फोटोत हे फार कमी होते. काही सॉफ्टवेअरमध्ये मिपमॅपिंग (फोटोच्या लहान लहान प्रती आधीच तयार ठेवणे) किंवा अँटी-शिमर नावाचा पर्याय असतो. वळवळणाऱ्या फोटोपुरता तो चालू करावा. त्याने मेमरीत लागणारी जागा एक तृतीयांशाने वाढते, म्हणून सरसकट नको.

फोटोंनंतर येतात थर. मोबाइलचे उभे फोटो आडव्या पडद्यावर दाखवताना दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसू नयेत, म्हणून मागे तोच फोटो धूसर करून लावायची पद्धत सर्रास आहे. दिसते छान. पण तो धूसरपणा सॉफ्टवेअरमधल्या ब्लरने दिला असेल, तर प्रत्येक चौकटीत अख्ख्या पडद्याचा ब्लर नव्याने मोजला जातो. साध्या लॅपटॉपचा जीव यातच जातो. धूसर पार्श्वभूमी आधीच वेगळी करून घ्यावी आणि तीही ९६० बाय ५४० एवढीच. धूसर चित्रात बारकावेच नसतात, त्यामुळे ती दुपटीने ताणली तरी कोणाला कळत नाही.

पीएनजी (पारदर्शक भाग ठेवता येणारी चित्राची फाइल) वापरून केलेल्या फ्रेम, तोरण, फुलांच्या पाकळ्या, चमचमणारे कण यांचेही तसेच. पूर्ण पडद्याच्या पीएनजीत कोपऱ्यात एकच मोगरा असला आणि बाकी सगळे पारदर्शक असले, तरी संगणकाला ते रिकामे पिक्सेलही मोजावेच लागतात. फुलापुरता भाग कापून घ्या. ज्या मशीनमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, तिथे ग्राफिक्स चिप मुख्य रॅमच वापरते आणि तिची वाट अरुंद असते. डीडीआर-४ २४०० प्रकारच्या रॅमची एकच पट्टी असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी, दोन पट्ट्या असतील तर त्याच्या दुप्पट. पूर्ण पडद्याचा एक थर सेकंदाला साठ वेळा नुसता वाचायचा म्हटले तरी अर्धा जीबी झाला. पारदर्शक थर असेल तर खालचेही वाचावे लागते आणि पुन्हा लिहावे लागते. असे आठ-दहा थर, त्यात फोर-के पडदा म्हणजे सगळे गुणिले चार, की वाट तुंबलीच. म्हणून ज्यांना खर्च करायचाच आहे त्यांनी आठ जीबीच्या एका पट्टीऐवजी चार-चारच्या दोन बघाव्यात, किंवा मोकळ्या खाचेत दुसरी पट्टी टाकावी. लॅपटॉपमध्ये दुसरी खाच आहे की नाही, हे टास्क मॅनेजरच्या (तो कसा उघडायचा ते पुढे आहे) मेमरी पानावर लिहिलेले असते.

आता त्या एकसारख्या थरथरीकडे येऊ. आपल्याकडे स्टुडिओत सेकंदाला २५ चौकटींचा व्हिडिओ काढण्याची सवय आहे. ती पाल या आपल्याकडच्या जुन्या प्रक्षेपण पद्धतीच्या टीव्हीपासून आली. दूरदर्शनच्या काळात तेच बरोबर होते. पण आजचा लॅपटॉप, प्रोजेक्टर, मॉनिटर बहुतेक ६० हर्ट्झवर चालतात. ६० ला २५ ने भागले की २.४ येतात, आणि पडद्याला चौकट २.४ वेळा दाखवता येत नाही. मग काही चौकटी दोनदा दिसतात, काही तीनदा. काही ३३ मिलिसेकंद थांबतात, काही ५०. माणसे बोलत-चालत असलेल्या दृश्यात हे खपून जाते. सावकाश, एकाच वेगाने सरकणाऱ्या फोटोत मात्र डोळा ते लगेच पकडतो. उपाय फुकट आहे: एक्स्पोर्ट करताना २५ ऐवजी ३० किंवा ६० निवडा. सरकणारे फोटो जास्त असतील तर ६० च. फाइल आधीच २५ ची असेल आणि पुन्हा काढणे शक्य नसेल, तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले असे जाऊन रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा) ५० हर्ट्झ मिळतो का पाहा. एचडीएमआयने जोडलेल्या टीव्हीवर तो बहुतेकदा मिळतो. त्याच वेळी एक्स्पोर्टमध्ये इंटरलेस्डऐवजी (चौकट एकाआड एक ओळींत दोनदा काढणे) प्रोग्रेसिव्ह (चौकट एकदम पूर्ण काढणे) आहे ना, याचीही खात्री करावी. नाहीतर सरकत्या फोटोच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात.

काही गचके तर यंत्राचे नसतातच. फोटो पूर्ण उमटल्यावर हालचाल सुरू झाली आणि पुढचा यायच्या आत थांबली, की गाडीने ब्रेक मारल्यासारखे वाटते. हालचाल फोटो उमटायला लागतानाच सुरू व्हावी आणि पूर्ण विरघळेपर्यंत चालू राहावी. वेगही सांभाळावा. १९२० पिक्सेलचा पडदा चार सेकंदांत पार करणारा फोटो ६० च्या वेगातही दर चौकटीला आठ पिक्सेल उडतो. २५ ला तर एकोणीस. तेच अंतर दहा-बारा सेकंदांत कापू द्या. दुसऱ्या टोकाला, दहा सेकंदांत फक्त साठ पिक्सेल सरकणारा फोटो दर चौकटीला पिक्सेलच्या दहाव्या भागाने हलतो. पिक्सेलचा अंश न सांभाळणारे सॉफ्टवेअर असेल तर तो दहा चौकटी उभा राहतो, मग एक पिक्सेल उडी घेतो. अशा वेळी थोडा जास्त वेग द्यावा किंवा फोटो स्थिर ठेवावा. प्रत्येक फोटो हललाच पाहिजे असा काही नियम नाही, हे आमचे वैयक्तिक मत.

संगणकाची तपासणी त्यामानाने लवकर उरकते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सचे पान लावा आणि शो चालू असताना पाहा. डिस्क शंभर टक्क्यांना चिकटली असेल तर अँटिव्हायरसची तपासणी, विंडोज अपडेट किंवा वनड्राइव्हची देवाणघेवाण चालू असते. कार्यक्रमापुरते इंटरनेट बंद ठेवणे हा सोपा उपाय. मेमरी भरली असेल तर ब्राउझर बंद करा. चार जीबीच्या मशीनवर रॅम संपली की विंडोज डिस्कवर सांडू लागते, आणि डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची असेल तर त्या क्षणी सगळे ठप्प होते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अॅडॉप्टर्सखाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॉप्टर' असे नाव दिसले, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच नाही. विंडोज नव्याने टाकून दिल्यावर ही चूक हमखास राहते. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर सेटिंग्जमधल्या डिस्प्लेखाली ग्राफिक्समध्ये जाऊन स्लाइड शोच्या सॉफ्टवेअरला 'हाय परफॉर्मन्स' द्या. चार्जर लावलेला हवा, बॅटरी सेव्हर बंद हवा. आणि लॅपटॉप मखमली टेबलक्लॉथवर ठेवू नका. बऱ्याच लॅपटॉपची हवा खालून आत जाते. ती कोंडली की प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतो.

व्हिडिओ फाइलसाठी सुरक्षित माप असे: एमपी-४, व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत एच २६४, १९२० बाय १०८०, रंगांसाठी ८ बिट आणि ४:२:०, बिटरेट १६ एमबीपीएस (सेकंदाला १६ मेगाबिट), ऑडिओ एएसी. एच २६५ या नंतरच्या पद्धतीने फाइल लहान होते खरी, पण २०१५ च्या आधीच्या इंटेल मशीनवर तिचे बरेचसे ओझे ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसरवर पडते आणि मंगल कार्यालयातला संगणक नेमका तसलाच निघतो. १६ एमबीपीएस म्हणजे मिनिटाला १२० एमबी. दहा मिनिटांचा शो सव्वा जीबीच्या आत बसतो. पेन ड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर चढतच नाही, त्यामुळे पस्तीसेक मिनिटांपुढचा शो असेल तर पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्या. आतले सगळे पुसले जाते, म्हणून आधी नक्कल काढा. शो पेन ड्राइव्हवरून थेट लावू नये, डेस्कटॉपवर कॉपी करून लावावा.

ज्या स्टुडिओंत अजून प्रोशो हे स्लाइड शो बनवण्याचे सॉफ्टवेअर वापरतात, त्यांच्यासाठी एक शब्द. ते बनवणारी अमेरिकेतील फोटोडेक्स कंपनी २०२० च्या सुरुवातीला बंद झाली. सॉफ्टवेअर चालते आहे तोवर चालेल, पण नव्या ग्राफिक्स ड्रायव्हरशी त्याचे जमले नाही तर दुरुस्ती येणार नाही. त्यात केलेले शो ईएक्सई म्हणून ग्राहकाला देण्यात आता अर्थ नाही, व्हिडिओच द्यावा. पॉवरपॉइंटवाल्यांनी फोटोवर क्लिक करून पिक्चर फॉरमॅटमधले कम्प्रेस पिक्चर्स वापरावे आणि कापलेले भाग काढून टाकण्याच्या पर्यायावर खूण करावी. फोटो कापला तरी तोपर्यंत त्याचा कापलेला भाग फाइलमध्येच बसलेला असतो.

शेवटी मंगल कार्यालयातला पडदा. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर 'डुप्लिकेट'वर (दोन्हीकडे एकच चित्र) ठेवले आणि दोघांचे रिफ्रेश रेट वेगळे असले, तर एकावर नीट आणि दुसऱ्यावर अडखळत दिसते. विंडोजचे बटण आणि 'पी' दाबून 'सेकंड स्क्रीन ओन्ली' करा. मोठा फोर-के टीव्ही जुन्या एचडीएमआय १.४ च्या जोडणीवर फोर-के फक्त ३० हर्ट्झने घेतो. तिथे १९२० बाय १०८० आणि ६० हर्ट्झ निवडले की हालचाल लगेच सुधारते. एलईडी वॉलवर तर फोर-केचा आग्रह निव्वळ वाया जातो. अर्ध्या मीटरच्या पी ३.९ (दोन दिव्यांत ३.९ मिलिमीटर अंतर) पॅनेलमध्ये १२८ बाय १२८ दिवे असतात. सात पॅनेल रुंद आणि पाच उंच अशी साडेतीन मीटरची वॉल म्हणजे फक्त ८९६ बाय ६४० पिक्सेल. फुल एचडीसुद्धा तिला जास्तच होते.

ही माहिती वॉल किंवा प्रोजेक्टर लावणाऱ्याला ठाऊक असते, पण स्लाइड शो बनवणाऱ्यापर्यंत ती पोहोचत नाही आणि मुहूर्ताच्या अर्धा तास आधी वायर जोडताना दोघांची पहिली भेट होते. मंगल कार्यालयांनी आणि मंडप-डेकोरेशनवाल्यांनी बुकिंगच्या पावतीवर भाडे, वीज, जनरेटर यांच्या जोडीला आणखी एक ओळ छापावी: पडद्याचे पिक्सेल किती, रिफ्रेश रेट किती, जोडणी कोणती. शाळांनी सभागृहातल्या प्रोजेक्टरवर हीच चिठ्ठी चिकटवावी. आणि शो बनवायला देणाऱ्यांनी ती ओळ स्टुडिओला आगाऊ रकमेसोबतच पाठवावी.

आपले,
काही फोटो-व्हिडिओ संकलक, सातारा